ऑर्वी शांट्झने न केलेली सही

१

ऑर्वी शांट्झने टॅमरॅक सोडून दिलं, हे साऱ्या जगाला एका बुधवारी सकाळी कळलं. ऑर्वीला ते त्याच दिवशी दुपारी, सूप पिताना कळलं.

शुक्रवारी त्याच्या बायकोचा, लव्हिनाचा, मला फोन आला. "शालन, तू ये बाई. हा म्हणतोय, मी सही केलेली नाही. दोन दिवस धड जेवला नाही. नुसता शेडमध्ये मेपलचा रस उकळत बसतो."

"लव्हिना, सही त्याचीच आहे. मी स्वतः तपासली."

"तूसुद्धा!" ती म्हणाली आणि तिने फोन आपटला.

मला राग आला. कॅनडातल्या वॉटर्लूत येऊन मला एक जन्म झाला. विद्यापीठात गणित शिकवलं आणि ते सोडल्यावर भांडणं निस्तरायला लागले. भांडणं एकाच जातीची, डिजिटल सही खरी की खोटी. एक जण म्हणतो याने केली, दुसरा म्हणतो मी नाही केली, आणि मी गणित मांडून निकाल देते. 'मी नाही केली' म्हणणारे आजवर झाडून सगळे खोटारडे निघाले होते. म्हणजे ऑर्वीबद्दल मला काय वाटलं असेल ते सांगायला नको.

टॅमरॅक ही ऑर्वीने लिहिलेली सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपापल्या प्रोग्रॅमांत जोडून घ्यायचा तयार कोड. घराचं खरेदीखत असो, डॉक्टरची औषधाची चिठ्ठी असो, कोर्टातलं प्रतिज्ञापत्र असो, खाली जी डिजिटल सही बसते ती बसवायचं आणि तपासायचं काम निम्म्या देशात टॅमरॅक करतं. ऑर्वीने ते फुकट वाटलं. टेलिफोन कंपनीत नोकरी केली, पेन्शन घेतलं, आणि उरलेलं सगळं आयुष्य त्या लायब्ररीत घातलं. टॅमरॅक त्याच्या हातून काढून घेणं म्हणजे त्याला जिवंतपणी घराबाहेर काढणं होतं.

आणि पत्र होतं चार ओळींचं. 'माझं वय झालं. टॅमरॅकचा सगळा कारभार मी राजीखुशीने टोरांटोच्या विश्वस्त मंडळाकडे सोपवत आहे.' खाली ऑर्वीची डिजिटल सही. हे मंडळ असल्या फुकट सॉफ्टवेअरचा कारभार बघतं, आणि त्याचा नियम असा की दहा दिवसांत कोणी पुराव्यानिशी हरकत घेतली तर ठीक, नाहीतर सोपवणी कायमची.

ऑर्वीने लगेच जाहीर लिहिलं, 'ही सही माझी नाही.' पुरावा काहीच दिला नाही. लोकांनी खिल्ली उडवली. टॅमरॅक लिहिणाराच म्हणतोय की टॅमरॅक खोटं बोलतं! म्हातारा चळला, असं एकाने लिहिलं, आणि त्याला शेकडोंनी दाद दिली.

२

शेडमध्ये इतकी वाफ होती की आधी ऑर्वी दिसेचना. मग कढईमागून आवाज आला. "बूट झाड. चिखल आणू नकोस आत."

"ऑर्वी, सरळ सांग. किल्ली कोणाला दिली होतीस?" किल्ली म्हणजे सही करायचा गुप्त आकडा. तो ज्याच्याकडे, सही त्याची.

"कोणाला नाही."

"मशीन चोरीला गेलं? कोणी घरात शिरलं?"

"नाही."

"मग सही तूच केलीस."

"मी नाही केली."

"अरे, मग झाली कशी?"

"ते सांगता येत नाही."

"म्हणजे ठाऊक नाही?"

"म्हणजे सांगता येत नाही. तुला कानाला यंत्र लावायची वेळ आली का?"

मी उठले. असल्या माणसासाठी मी थंडीत दहा मैल गाडी हाणली होती! दारापाशी पोचले तेव्हा तो पाठमोराच म्हणाला, "तू गणितवाली ना? माझ्या सगळ्या सह्या जगजाहीर आहेत. कोणीही बघाव्यात."

"काय बघायचं त्यांत?"

"मी काही म्हटलं का? मी रस ढवळतोय."

घरी येऊन मी त्याच्या वर्षभरातल्या सह्या एकाखाली एक मांडल्या. अशा सहीचे दोन भाग असतात. सही करताना यंत्र दरवेळी एक नवा आकडा मनात धरतं, वापरतं आणि फेकून देतं. सहीचा पहिला भाग त्या आकड्यातून निघतो. आकडा नवा, तर पहिला भागही नवा. तो पुन्हा कधी दिसता कामा नये, हे या शास्त्रातलं अ आ ई.

गेल्या हेमंतापासून ऑर्वीच्या प्रत्येक सहीचा पहिला भाग तोच होता.

आकडा दोनदा वापरला गेला, तर त्या दोन सह्या समोर ठेवून थोडी वजाबाकी, थोडा भागाकार करायचा, की गुप्त किल्ली हातात. चोरी नको, घरफोडी नको. ऑर्वीची किल्ली कित्येक महिने रस्त्यावर पडली होती आणि तिच्यावरून सारं जग चालत गेलं होतं.

३

"मी काही सांगितलेलं नाही," ऑर्वीने मला पाहताच आधी तेच बजावलं. "तुझं तू शोधलंस. लव्हिना साक्षीला आहे."

"हो बाई, आहे," लव्हिना म्हणाली आणि तिने माझ्यापुढे ॲपल पायचा तुकडा सरकवला.

मग तो बोलला. लायब्ररी तपासताना निकाल दरवेळी सारखा यावा म्हणून त्याने तो आकडा ठरावीक करून ठेवायची सोय केली होती. तपासणीपुरती. गेल्या हेमंतातल्या आवृत्तीत ती सोय बंद करायची राहिली. ज्या ज्या मशीनवर तपासणीची साधनं होती तिथे तिथे टॅमरॅक तोच ठरावीक आकडा वापरत राहिलं. ऑर्वीच्या मशीनवर तर ती साधनं असायचीच. काही इस्पितळांतही होती आणि दोन प्रांतांच्या कोर्टांतही.

"आणि तू गप्प बसलास?"

"मौन आहे."

त्यांच्या धंद्यातली ही रीत मला ठाऊक होती. सॉफ्टवेअरात भोक, म्हणजे चोराला शिरता येईल अशी चूक, सापडलं की सापडवणारा ते गुपचूप मोजक्या लोकांना कळवतो. सगळे मिळून तारीख ठरवतात. तोवर दुरुस्ती तयार करायची, मोठ्या मोठ्या ठिकाणी गुपचूप बसवायची, आणि कोणी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. कारण बातमी आधी फुटली तर चोरांना मोकळं रान मिळतं.

"मौन कधी सुटतं?"

"या सोमवारी नाही, पुढच्या."

"आणि तुझी हरकतीची मुदत?"

"त्याच्या आधीच्या शुक्रवारी संपते."

मी लव्हिनाकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती. हरकत पुराव्यानिशी हवी, पुरावा म्हणजे ते भोक, आणि भोक दाखवायची बंदी. ज्याने हे पत्र लिहिलं त्याने दिवस मोजून लिहिलं होतं.

"ऑर्वी, पत्रावरच्या सहीचा पहिला भाग तुझ्या बाकीच्या सह्यांसारखा नाही. म्हणजे ती तुझ्या मशीनवर झालेलीच नाही. एवढं दाखवलं तरी तू सुटतोस."

"आणि तेवढं दाखवलं की बाकीच्या सह्यांचा पहिला भाग सारखा का, हे लोक विचारतील. इस्पितळातल्या औषधाच्या चिठ्ठ्या कोणीही करू शकतो, हे मग शेंबडं पोरही सांगेल. सोमवारी बोलीन."

"सोमवारी तुझ्या हातात काय राहील?"

"राहील ते राहील!" तो ओरडला. "मी शब्द दिलाय."

मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. त्याच वेळी त्याच्यासमोर मान खाली घालावीशीही वाटली. मी दोन्ही केलं नाही, ॲपल पाय खाल्ला.

"भोक कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"मला आणि आणखी तिघांना."

४

पहिली अनूक थिबोदो. भोक तिनेच शोधलं. माझीच विद्यार्थिनी, आता विद्यापीठात संशोधन करते. तिने दार उघडलं तीच चिडलेली.

"त्यांनी मला काय उत्तर पाठवलं होतं माहीत आहे, मॅडम? 'पोरी, आधी नीट वाचायला शिक.' मी पुरावा पाठवला तेव्हा तोंड बंद झालं. माफी? नाव नको!"

"मग सूड घेतलास?"

"मी?" ती हसली. "मला सूड घ्यायची गरज काय? सोमवारी भोक जाहीर होईल, खाली माझं नाव असेल. याहून मोठा सूड कुठला? आणि कोणीतरी आधी बोलून मौन मोडलं तर माझंच वाटोळं. ते पत्र बघून माझी झोप उडालीय."

दुरुस्ती तिने लिहिली होती. पुस्तकात असते तशी, बिनचूक. आकडा यंत्राने मनात धरायचाच नाही. दस्तऐवज आणि गुप्त किल्ली एकत्र घुसळून त्यातूनच तो काढायचा. दस्तऐवज बदलला की आकडा बदलणार, म्हणजे पुन्हा तोच येण्याची भीती नाही. तिने ती माझ्या स्वाधीन केली.

दुसरा ग्रँट लॅथम, टोरांटोच्या एका बड्या कंपनीचा सुरक्षाप्रमुख. विश्वस्त मंडळ नावाला वेगळं, पण चालायचं त्याच कंपनीच्या जिवावर. त्याच्या कचेरीत मला फार चांगली कॉफी मिळाली.

"शांट्झसाहेबांबद्दल आम्हाला आदरच आहे," तो म्हणाला. "पण साऱ्या देशाच्या सह्या एका शेडमधून चालाव्यात, हे तुम्हाला तरी पटतं का?"

"पटणं न पटणं सोडा. पत्र खोटं आहे हे तुम्हाला कळतंय. भोक तुम्हाला ठाऊक आहे."

"मला ठाऊक असलेल्या गोष्टींबद्दल मी सोमवारपर्यंत बोलू शकत नाही." तो गोड हसला. "सही तपासली, खरी ठरली. नियमाप्रमाणे मंडळाने तेच पत्र पुन्हा एकदा सही करून मागवलं, तेही तासाभराने आलं. आम्ही आणखी काय करायचं?"

"म्हणजे सह्या दोन आहेत?"

"दोन. दोन्ही खऱ्या ठरल्या. बघायच्या असतील तर बघा."

त्याच्याच माणसांनी लिहिलेली दुरुस्तीही त्याने खळखळ न करता दिली. असा माणूस काही लपवत नाही, कारण त्याला कशाची लाजच वाटत नाही.

तिसरा डेल गिंगरिच. टॅमरॅकच्या सांभाळात वीस वर्षं ऑर्वीच्या खालोखाल. ऑर्वीचा मित्र. दोघं हिवाळाभर कर्लिंग क्लबात एकाच संघातून बर्फावर दगड सरकवायचे. डेल मला त्याच्या घरी भेटला आणि मी गेल्या गेल्या त्याने सॉसेजच्या चकत्या पुढे केल्या.

"खा. घरी धुरावलेलं आहे. दुकानातलं मी तोंडात घालत नाही. मशीनचंही तसंच, बाहेरून आलेलं जसंच्या तसं मी चढवत नाही. आधी हाताखालून घालतो."

"डेल, ऑर्वीचं काय होणार रे?"

त्याचे डोळे भरून आले. ते खोटं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. "म्हातारा हट्टी आहे गं. मी कितीदा म्हटलं, एकट्याने ओढू नकोस. ऐकेल तर शप्पथ!"

"तू दुरुस्ती लिहिलीस का? अनूकने लिहिली, लॅथमने लिहिली."

"मी?" तो हात झाडून म्हणाला. "ऑर्वीच्या गणिताला हात लावायची माझी काय प्राज्ञा! मी कधीच लावला नाही."

५

मंडळाकडच्या दोन्ही सह्या मी शेजारी शेजारी ठेवल्या. तासाच्या अंतराने केलेल्या, आणि तंतोतंत सारख्या. पहिला भाग सारखा, दुसराही सारखा.

चोराने जुनी सहीच पुन्हा चिकटवली असती तर तीही सारखीच आली असती. पण मंडळ दुसरी सही दुरून, आपल्या डोळ्यांदेखत करून घेतं; त्यांना सही करणाऱ्या यंत्राचा पडदा दिसतो, माणूस दिसत नाही. म्हणजे यंत्राने दोनदा काम केलं होतं. साधी लायब्ररी दरवेळी नवा आकडा धरते, त्यामुळे त्याच पत्राची त्याच किल्लीने दुसरी सही वेगळीच येते. आणि ऑर्वीचा तो ठरावीक आकडा तर इथे नव्हताच. म्हणजे चोराची लायब्ररी आकडा धरत नव्हती, पत्र आणि किल्ली घुसळून काढत होती. तेच पत्र, तीच किल्ली, तीच सही. चोराच्या मशीनवर भोक आधीच बुजवलेलं होतं!

मला हसूच आलं. ही जातच तशी. दुसऱ्याच्या नावाची खोटी सही करतील, पण सदोष लायब्ररीने करणार नाहीत. बोटंच चालणार नाहीत त्यांची.

म्हणजे आता काम सोपं. ज्याची दुरुस्ती वापरून हीच सही पुन्हा उमटेल तो चोर. मी ऑर्वीला फोन लावला. "तुझी किल्ली हवी आहे."

"मागतेस कशाला? वजाबाकी कर, मिळेल." आणि ठेवला.

मी वजाबाकी केली. किल्ली मिळाली. ते पत्र घेतलं, अनूकच्या दुरुस्तीने सही केली. जुळली नाही. लॅथमच्या दुरुस्तीने केली. तीही जुळली नाही. दोघांनीही पुस्तकी रीतच वापरली होती, आणि चोराची रीत पुस्तकातली नव्हती.

उरला डेल, आणि त्याने तर दुरुस्ती लिहिलीच नव्हती. ऑर्वीच्या गणिताला कधीच हात लावला नव्हता म्हणे. कधीच? वीस वर्षं शेजारी बसून?

या लोकांचा सगळा कारभार जाहीर पत्रांतून चालतो आणि ती पत्रं कोणी कधी पुसत नाही. मी डेलची जुनी पत्रं उपसायला घेतली. नऊ वर्षांपूर्वीचं एक सापडलं. 'आकडा मनात धरण्यापेक्षा किल्लीतूनच काढू या. म्हणजे पुन्हा तोच येण्याचा धोकाच नाही. मी लिहून पाहिलं आहे.' सोबत त्याची दुरुस्ती. पुस्तकी रीतीत एकदा घुसळतात तिथे याने सात वेळा घुसळलं होतं. गरज नव्हती, पण डेल तसाच, चार खिळे पुरतील तिथे दहा ठोकणारा.

मी त्या दुरुस्तीने सही केली. जुळली नाही.

६

मी तशीच अनूककडे गेले आणि ते जुनं पत्र तिच्यापुढे टाकलं. तिने वरून खाली एकदा नजर फिरवली.

"अहो मॅडम, यात दस्तऐवज घालायचाच राहिलाय. नुसती किल्लीच घुसळलीय. कुठल्याही कागदावर आकडा तोच येणार. म्हणजे हेच भोक की!"

"ऑर्वीने तेव्हाच पकडलं होतं. खाली वाच."

ती वाचू लागली. ऑर्वीचं उत्तर दोन ओळींचं होतं, चारशे लोकांसमोर लिहिलेलं. 'डेल, याने दरवेळी तोच आकडा येईल, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. गणित गणितवाल्यांना करू दे, तू कागदपत्रं सांभाळ.'

अनूक हळूच म्हणाली, "आणि मग स्वतःच तोच आकडा..."

"हो. स्वतःच." मी म्हटलं. "आता ती एक ओळ घाल. दस्तऐवज घाल, आणि सात वेळा घुसळणं तसंच ठेव."

तिने ओळ घातली. मी पत्रावर सही केली. पहिला भाग जुळला. दुसरा जुळला. शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला.

"पण कोणीही हे पत्र उकरून डेलवर आळ आणू शकतं की," ती म्हणाली.

"आणायचा असता तर जसंच्या तसं वापरलं असतं. दुसऱ्याची टाकून दिलेली वस्तू आधी दुरुस्त करून मग कोण वापरतं? ज्याची आहे तोच. त्याने चूक तेव्हाच सुधारली असणार, आणि पुन्हा पाठवली नसणार. चारशे लोकांसमोर एकदा थोबाडीत खाल्ल्यावर कोण पाठवेल? स्वतःच्या मशीनवर मात्र नऊ वर्षं तीच वापरत राहिला. आणि मला म्हणाला, मी कधी हातच लावला नाही."

तो गुरुवार होता.

७

क्लबात डेल एकटाच होता. सराव संपवून दगड पुसत बसला होता. मी दोन्ही सह्यांचे कागद त्याच्या मांडीवर ठेवले, एक मंडळाकडची, एक मी केलेली. त्याने त्या नीट वाचल्या. घाई केली नाही.

"सात वेळा," तो म्हणाला. "तेवढ्याने पकडलंस ना?"

"एकदा घुसळून भागलं नसतं?"

"भागलं असतं." तो हसला. "पण माझं आहे ना ते."

"का केलंस, डेल?"

"का? पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळेल का!" त्याचा आवाज बर्फावर घुमला. "माझी दुरुस्ती घेतली असती, एक ओळ सुधारून घेतली असती, तर आज हे भोक असतं का? सांग ना, तू गणितवाली! त्याने एक ओळ सुधारली नाही, माणूस मोडला. वीस वर्षं मी त्याची कागदपत्रं सांभाळली. आणि हे भोक त्याचं स्वतःचं निघालं, तेव्हा मला काय म्हणाला ठाऊक आहे? 'कोणाकडूनही चुकतं.' कोणाकडूनही! माझ्याकडून चुकलं तेव्हा मी पोर, आणि त्याच्याकडून चुकलं तर कोणाकडूनही चुकतं. टॅमरॅक तो मरेपर्यंत सोडणार नव्हता. आणि असली आणखी भोकं पाडत राहिला असता."

"मंडळाने तुला काय कबूल केलंय?"

"प्रमुख म्हणून नेमतायत." मान खाली घालून तो म्हणाला. "लॅथमला पत्राबद्दल ठाऊक नाही. त्याने विचारलंच नाही."

"उद्या शुक्रवार आहे. पत्र मागे घे. चूक झाली म्हण, काहीही म्हण. मी कोणाला बोलणार नाही."

त्याने पुढचा दगड पुसायला ओढला. "नाही घेणार," तो म्हणाला. "तुला सांगायचं असेल तर जा, आज सांग. आत्ता. पुरावा आहेच तुझ्याकडे. पण ऑर्वी तुला सांगू देणार नाही. त्याने शब्द दिलाय. मला त्याची नस अन् नस माहीत आहे, शालन."

अशी चीड मला आयुष्यात कोणाची आली नसेल. कारण तो बरोबर बोलत होता. त्याने खोटी सही किल्लीच्या जोरावर केली नव्हती, ऑर्वीच्या सचोटीच्या जोरावर केली होती.

८

शुक्रवारी मी ऑर्वीच्या स्वयंपाकघरात बसून होते. हरकतीचा अर्ज मी लिहून नेला होता, पुराव्यासकट. त्याने नुसतं 'पाठवा' दाबायचं होतं.

"डेल?" त्याने एवढंच विचारलं.

"डेल."

त्याने ती सुधारलेली दुरुस्ती मागून घेतली. चष्मा लावून ओळ न ओळ वाचली. "चांगली आहे," तो म्हणाला. "तेव्हा अशी पाठवली असती तर घेतली असती."

"तेव्हा तू सुधारून घेतली असतीस तरी चाललं असतं," लव्हिना म्हणाली. ती ओट्याकडे तोंड करून बटाटे सोलत होती. ऑर्वीने चष्मा काढून पुसला.

"ऑर्वी, पाचला मुदत संपते," मी म्हटलं. "दाब. तीन दिवसांत असं काय आभाळ कोसळणार आहे?"

"अजून इस्पितळं बाकी आहेत. काल अनूकचा निरोप आला. रविवारी रात्रीपर्यंत दुरुस्ती बसते म्हणाली."

"तुझं काय?"

"माझं काय!" तो खेकसला. "माझ्या नावाची खोटी सही झाली तर मी मरत नाही. उद्या कोणी खोट्या सहीने एखाद्याला दहापट औषध लिहून दिलं, तर तो मरतो. तुला गणित येतं ना? कर हिशेब."

पाच वाजले. लव्हिनाने बटाटे उकळायला टाकले आणि ती परसात निघून गेली.

सोमवारी मौन सुटलं. इस्पितळं, कोर्टं, सगळीकडे दुरुस्ती वेळेत बसली होती. एकही खोटी चिठ्ठी निघाली नाही. ऑर्वीचे आभारही कोणी मानले नाहीत, कारण काही घडलंच नव्हतं. दुपारी मी माझा अहवाल मंडळाला दिला. लॅथमचं उत्तर संध्याकाळीच आलं. गिंगरिच यांची नेमणूक रद्द करत आहोत. झाल्या प्रकाराचा अतीव खेद आहे. तथापि हरकतीची मुदत शुक्रवारी संपली असल्याने सोपवणी कायम राहील.

मी कोर्टात जायची भाषा केली. ऑर्वी म्हणाला, "कशाला? टॅमरॅक फुकट वाटताना मीच लिहून ठेवलंय, कोणीही घ्यावं, कसंही वापरावं. नाव परत मिळवलं तरी माल त्यांच्याकडेच राहणार. लोकही तिकडेच जाणार."

डेल गाव सोडून बहिणीकडे विनिपेगला गेला. जाण्याआधी भेटायला आला नाही. आला असता तरी लव्हिनाने दारात उभा केला नसता.

एप्रिलमध्ये मी सहज गेले. बर्फ वितळून अंगणात नुसता राडा झाला होता. ऑर्वी पायरीवर बसला होता. मी त्याला सांगितलं, कारण दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा बरं. या लोकांत मोठ्या भोकाला नाव द्यायची रीत आहे. लॅथमच्या मंडळाने दिलं होतं, आणि ते एव्हाना सगळीकडे रुळलंही होतं. येत्या सप्टेंबरपासून विद्यापीठात पहिल्या वर्षाला शिकवणार होते.

"काय नाव दिलं?"

"शांट्झ दोष."

त्याने अंगणातल्या चिखलाकडे पाहिलं. मला वाटलं आता ओरडेल. मी तयारच होते.

"त्यांना एक पत्र लिही," तो म्हणाला. "डेलचंही नाव त्यात घाला म्हणावं. नऊ वर्षं आधी शोधला होता त्याने."

मी लिहिलं. आजवर उत्तर आलेलं नाही.